मानेची पकड

रायफलच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या तोंडात बसवलेली असते. तिला आटे नसतात, खिळा नसतो, डिंकही नसतो. पुंगळीच्या मानेचं आतलं माप गोळीपेक्षा किंचित कमी ठेवायचं, गोळी दाबून आत बसवायची, आणि पितळ स्वतःच्या ताठपणावर तिला धरून ठेवतं. सैन्यात चालणाऱ्या 7.62च्या काडतुसात गोळीचा खरा व्यास 7.82 मिलिमीटर असतो. मानेचं आतलं माप त्याहून साधारण पन्नास मायक्रॉन कमी. जुने फिटर त्याला ‘दोन थाऊ’ म्हणायचे. माझी सगळी नोकरी त्या दोन थाऊंवर गेली.

मी शाहूवाडी तालुक्यातला, मलकापुराहून आंब्याकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीचा. माझ्या पिढीतली पोरं एक तर मुंबईला गिरणीत किंवा गोदीत जायची, नाहीतर पलटणीत. मी आयटीआय केलं आणि एका दारूगोळा कारखान्यात चिकटलो. कुठल्या ते लिहीत नाही. महाराष्ट्रात असे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, खडकीचा तर 1869 पासूनचा. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. तोवर मी गावी येऊन भात लावायला लागलो होतो.

गावात लोकांना वाटतं, दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस म्हणजे रोज धडामधुडुम. प्रत्यक्षात माझं आयुष्य पितळ मोजण्यात गेलं. हातांना पितळेचा वास इतका मुरला होता की सुट्टीवर आलो की आई जेवायला वाढायच्या आधी मला पुन्हा हात धुवायला पाठवायची. प्रेसच्या आवाजाने डावा कान अधू झाला, तो अजून तसाच आहे. पण त्या कामाने एक खोड लावली. कुणी ‘माप बरोबर आहे’ म्हटलं की मी विचारतो, कुठलं माप? आतलं की बाहेरचं?

पुंगळी कशी बनते ते थोडक्यात सांगायला हवं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेच्या पट्टीतून वाटी कापतात. ती वाटी डायमधून पंचाने ओढत ओढत लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून दोन ओढींच्या मध्ये ते भट्टीत तापवून मऊ करतात, त्याला अ‍ॅनिलिंग म्हणतात. मग आम्लात धुणं, साबणाच्या पाण्यात धुणं, बूड ठोकणं, तोंडाकडे पुन्हा ज्योत दाखवणं आणि शेवटी दाबून मान काढणं. लष्करी काडतूस हातात घेतलंत तर मानेजवळ आणि खांद्यावर निळसर-तपकिरी झाक दिसते. ती त्या ज्योतीची खूण. नागरी बाजारातल्या काडतुसांवरून ती बहुधा पुसून चकचकीत केलेली असते.

काडतूस भरून झालं की काही नमुने ओढ-चाचणीला जातात. यंत्र पुंगळी धरतं, गोळी धरतं आणि ओढतं. गोळी किती जोराला सुटली तो आकडा वहीत पडतो. ठरलेल्या किमान जोराखाली सुटली तर अख्खा लॉट थांबतो. लॉट थांबला की शिफ्टवरच्या सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

गोळी सैल असली तर बिघडतं काय, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. उडवायचीच आहे ना शेवटी? मॅगझिनमधून काडतूस धडकन पुढे जातं, गोळीचं नाक उतरणीवर आपटतं. पकड सैल असेल तर गोळी आत सरकते. आत सरकली की दारूला जागा कमी उरते आणि दाब चढतो. उलटही होतं. न उडालेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच अडकून राहते, हातात येते नुसती पुंगळी आणि रायफलीच्या पोटात दारू सांडते. समोर शत्रू असताना जवानाने ती झाडत बसायची का?

एका पावसाळ्यात आमच्याकडे लागोपाठ दोन लॉट ओढ-चाचणीत नापास झाले. सगळ्यांनी बोट दाखवलं मान काढणाऱ्या डायकडे. डाय झिजली, मान मोठी निघतेय, डाय बदला. टूल रूमने डाय मोजली, चोख निघाली. तरी समाधानासाठी नवी बसवली. आकडा हलला नाही. मग संशय गोळीवर गेला. गोळ्याही मापात. बाहेरचं रिंग गेज आम्ही प्रत्येक नगाला लावायचो, आतला प्लग मात्र फक्त नमुन्याला. त्या प्लगचा नो-गो, म्हणजे आत जाता कामा नये असा भाग, काठावर थांबत होता. आत जात नव्हता म्हणून पास.

आमच्या चार्जमनना, म्हणजे सेक्शनच्या पर्यवेक्षकांना, एक सवय होती. बिघाड जिथे दिसतो तिथून ते मागे चालत जायचे, एकेक यंत्र करत. त्यांनी मानेचं बाहेरचं माप सोडून दिलं आणि भिंतीची जाडी मोजायला लावली. गोल दांडीवर पुंगळी चढवून, फिरवत, चार ठिकाणी. भिंत सगळीकडे पातळ. मर्यादेच्या आत, पण खालच्या टोकाला टेकलेली. शेवटच्या ओढीच्या यंत्रावर पोचलो तेव्हा उलगडा झाला. पंच नवे आले होते, त्यांचं माप वरच्या मर्यादेला टेकलेलं. तिथली डाय खालच्या मर्यादेला. पंच मापात, डाय मापात, पण दोघांच्या मधली फट, म्हणजे पुंगळीची भिंत, बारीक झालेली. पुढे मान काढणारी डाय बाहेरून तेवढीच दाबणार. भिंत पातळ, तर आतलं भोक मोठं. दोन्ही तुकड्यांच्या तपासणी-कागदावर ‘पास’ असा शिक्का होता आणि दोन्ही शिक्के खरे होते.

त्यानंतर नवे पंच आले की जोडीची डाय बघून लावायचा शिरस्ता पडला. चार्जमनना याबद्दल काही मिळालं नाही. ते निवृत्त झाले तेव्हा नारळ आणि शाल, एवढंच.

दुसरा प्रकार ज्योतीचा. हा जास्त फसवा, कारण यात आतलं, बाहेरचं, जाडीचं, सगळी मापं बरोबर येतात. आमच्याकडे नजर-तपासणीच्या सेक्शनमध्ये बायका होत्या. ट्यूबलाइटखाली उतरत्या टेबलावरून पुंगळ्या घरंगळत यायच्या आणि त्या बोटांनी चिरलेल्या, चेपलेल्या, डागाळलेल्या बाजूला काढायच्या. त्यांच्या डोळ्यांइतका भरवसा मी कुठल्याही यंत्रावर ठेवला नाही. एक दिवस त्यांच्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, “साहेब, आजची निळाई खांद्यापर्यंत उतरत नाही. मानेवरच थांबते.” मी चार पुंगळ्या जुन्या लॉटच्या आणि चार त्या दिवसाच्या शेजारी उभ्या केल्या. खरंच, झाक कमी उतरलेली. रंग मात्र तोच, किंबहुना जास्त गडद.

कडकपणा मोजायला दिल्या तर माना हव्या त्याहून कडक. बर्नरच्या रांगेतल्या दोन जेटमध्ये काजळी बसली होती आणि उरलेल्या ज्योती मानेच्या टोकालाच भाजत होत्या. आता कडक पितळ गोळीला जास्त घट्ट धरेल असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. आमच्याकडे बुरूड मेसकाठी वाकवतात, ती आधी विस्तवावर शेकतात. शेकलेली काठी वाकवली तिथे राहते, न शेकलेली सोडली की उसळून पुन्हा सरळ. कडक पितळेचं तसंच आहे. डाय त्याला दाबते, डायमधून बाहेर आलं की ते पुन्हा उघडतं, आणि किती उघडेल ते प्रत्येक पुंगळीला वेगळं. म्हणून त्या लॉटची सरासरी फारशी वाईट नव्हती. आकडे मात्र रानोमाळ पसरलेले, एक घट्ट, एक ढिला, एक मधला. असे विखुरलेले आकडे दिसले की डाय सोडा आणि पितळ तापवणाऱ्याकडे जा, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं. सगळेच आकडे सारखे खाली आले असतील, तरच डाय किंवा भिंत. ज्योत जास्त झाली तरी पंचाईतच. अति मऊ मान गोळीला धरतच नाही, ओल्या मातीसारखी पसरते.

साबणाचा किस्सा लहान आहे. धुण्याच्या टाकीत शेवटचं साधं पाणी कमी पडलं होतं, मानेच्या आत साबणाचा पापुद्रा राहिला आणि गोळ्या बुळबुळीत सुटायला लागल्या. दोन तासांत सापडला. पुंगळीत नखाएवढा पांढरा कापूस फिरवला, कापूस राखाडी निघाला, संपलं.

सगळ्यात वाईट दिवस मार्चचे. टार्गेट पुरं करायचं, लॉट ओढ-चाचणीत काठावर. अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवायचं, “क्रिंप जरा वाढवू या.” गोळीच्या अंगावर दातेरी खाच असते, पुंगळीचं तोंड त्या खाचेत किंचित आवळतात. तोंड जास्त आवळलं की चाचणीचा आकडा वर जातो, हे खरं. पण मान सैल ती सैलच. उलट तोंड जास्त दाबलं तर त्याच्याखालची मान फुगते आणि गोळीपासून आणखी सुटते. आकडा पास होतो आणि काडतूस जातं सियाचीनला, नाहीतर राजस्थानात. आमच्या सेक्शनमध्ये यावर भांडणं झाली, आवाज चढले, एकदा एका अधिकाऱ्याने माझा गोपनीय अहवाल खराब केला. माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. क्रिंप ही कुलपावरची कडी आहे. दरवाजाच सैल असेल तर कडी घट्ट करून उपयोग नाही.

जुन्या थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस या बाबतीत गमतीशीर होतं. त्यात कॉर्डाइटच्या लांब काड्या भरायच्या. त्या अरुंद मानेतून जात नसत, म्हणून नळी सरळ असतानाच काड्या आत घालायच्या आणि मग मान काढायची. एकदा आत दारू गेल्यावर मानेला ज्योत दाखवायची सोय नाही. म्हणजे पितळ आधीच नेमकं मऊ करून ठेवायला हवं, नंतर सुधारायला वाव शून्य. ‘के एफ’ शिक्क्याची, किरकीची म्हणजे खडकीची ती काडतुसं पाहिली की त्या कामगारांबद्दल मला आदर वाटतो.

निवृत्तीनंतर हा विषय सुटेल असं वाटलं होतं. सुटला नाही.

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. तिकडे घरी काडतूस पुन्हा भरणं हा कायदेशीर छंद आहे. उडवलेली पुंगळी डायमध्ये दाबून परत मापात आणतात, बुडात पेट घेणारी नवी टोपी बसवतात, दारू मोजून घालतात, वर नवी गोळी. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. “मामा, गोळी अंगठ्याने आत सरकतेय. डाय तीच, गोळी तीच. मागच्या महिन्यापर्यंत बंदुकीत काही अडचण नव्हती.” कॅमेऱ्यासमोर त्याने करूनही दाखवलं. अंगठ्याने दाबलं आणि गोळी खांद्यापर्यंत बुडाली, काहीच अडथळा न येता.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, नवीन काय आलं? म्हणाला, काही नाही. मग आठवून म्हणाला, पितळ वेगळं आहे, रेंजवर कुणी टाकून दिलेल्या पुंगळ्या उचलून आणल्या. फुकटच्या. मी म्हटलं, एक जुनी आणि एक नवी घे, भिंतीची जाडी मोज. जुनीची भरली 0.38 मिलिमीटर, उचललेल्यांची 0.34. आता हिशेब कागदावर करू या म्हटलं. त्याच्या डायमध्ये मानेसाठी बदलता येणारी कडी असते, तिला बुशिंग म्हणतात. त्याची होती 8.53ची. जुन्या पितळेत गोळी बसल्यावर मान बाहेरून होते 7.82 अधिक दोनदा 0.38, म्हणजे 8.58. बुशिंग त्याहून पन्नास मायक्रॉन लहान, पकड उत्तम. नव्या पितळेत 7.82 अधिक दोनदा 0.34, म्हणजे 8.50. बुशिंग 8.53, गोळी बसलेल्या मानेहूनही मोठी! ती मानेला नीट आवळणार कशी? पितळ थोडं परत उघडतं, ते आणखी वेगळंच.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे डाय बरोबर आहे?” डाय बरोबर, गोळी बरोबर, पितळही बरोबर. फक्त एकमेकांचे नाहीत. त्याला 8.45च्या आसपासची बुशिंग मागव म्हटलं, आणि तोवर त्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेव. त्याला क्रिंप करून भागवायचं होतं. मी मार्चमधली भांडणं ऐकवली. नवी कडी आल्यावर पकड आली, पण काही पुंगळ्या तरीही ढिल्या. त्या किती वेळा उडवलेल्या कोण जाणे. प्रत्येक वेळी मान फुगते, दाबली जाते, पुन्हा फुगते आणि पितळ कडक होत जातं. ‘त्या फेकून दे’ म्हटलं. आधी कुरकुरला, मग फेकल्या.

गावात मात्र मला याच कामाला ठाम नकार द्यावा लागतो. चांदोलीच्या जंगलातून गवे उतरतात, डुकरं भात आणि ऊस लोळवतात, म्हणून पीक-संरक्षणाचे परवाने असलेली काही घरं इकडे आहेत. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे बारा बोर. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. एक जण संध्याकाळी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, “तात्या, तुमी कारखान्यातलं हाय. रिकामी काडतुसं पडल्याती, भरून द्या की. दुकानात लई महाग झाल्याती.” त्याला सांगितलं, परवाना बंदूक ठेवण्याचा आणि काडतूस विकत घेण्याचा असतो, बनवण्याचा नाही. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, आणि माझ्या वयात मला तुरुंगाची भाकरी पचणार नाही. तो हसला, पण पुन्हा आला नाही. गव्यावर किंवा डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते, हेही त्याला ठाऊक होतं. बंदूक बहुतेक आवाजालाच असते.

पॅरिसला 2024 मध्ये राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं, त्यानंतर आमच्याकडचीही पोरं नेमबाजीची चौकशी करू लागली. एका पोराने विचारलं, पॉइंट टू-टूची गोळी बोटाने फिरते, खराब का? ते काडतूस वेगळं असतं. तिथे पेट घेणारं द्रव्य बुडाच्या कडेच्या आतच भरलेलं, आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. म्हणून ते पुन्हा भरायचं नसतंच. गोळीही पुंगळीइतकीच जाड, तिची बारीक टाच तेवढी आत, वरून तोंड आवळलेलं. त्याला एवढंच सांगितलं, गोळी फिरवून बघायची सवय सोड, काडतुसं डब्यातल्या डब्यात राहू दे, आणि आपल्या रायफलला कुठला लॉट मानवतो ते कागदी टार्गेटवर ठरव.

आता परवाना असलेल्या घरांना एक विनंती. इंग्रजांच्या फौजेत पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवत. पाऊस संपला की काढायला जावं तर पितळेला तडे. कितीतरी वर्षं ते पावसाचंच काम समजत. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण पक्कं केलं. मुतातून सुटणारा अमोनिया, आणि ओढल्यामुळे पितळेत राहिलेला ताण. ताण भट्टीत काढून टाकला की तडे जात नाहीत. तडा गेलेल्या मानेला पकड कसली. आपल्याकडे पाऊस तेव्हाइतकाच पडतो आणि काडतुसांची पिशवी अजूनही गोठ्याच्या माळ्यावर, म्हशींच्या डोक्यावर टांगलेली मी पाहिली आहे. ती तिथून काढा, कोरड्या कपाटात कुलपात ठेवा. हिरवी पडलेली, चिरलेली, कागद फुगलेली किंवा गोळी हलणारी काडतुसं उडवून बघू नका, उघडूनही बघू नका. परवाना घेऊन शाहूवाडी पोलीस ठाण्यात जा आणि ती जमा कशी करायची ते विचारा.